दिवसा सांगितलेला ससा

एरंडोलच्या नाक्यावर मोटारीची वाट पाहत मी उभा होतो. शेजारी तानुबाई, त्यांची लेक चंपी आणि आफ्रिकेतल्या लढाईवरून परतलेला त्यांचा धाकटा भाऊ वना. वनासाठी मुलगी पाहायला तिघं धुळ्याला चालली होती.

"मामा, आफ्रिकेनी गोट सांग ना," चंपीनं गोष्टीचा हट्ट धरला.

"वना, दिवसा गोट सांगू नको. मामा वाट चुकस."

"अक्का, मामा मीच शे. तुन्हा शेजारेच उभा शे."

"दोन स्थळं गयात. हाई तिसरं शे, ध्यानमा ठेव."

"ती रीत आपला ससाले. हाऊ ससा आफ्रिकेना शे. ऐक चंपी, तळं आटनं, तवय लहान-मोठा बठ्ठा जनावरंनी विहीर खोदी. ससानी मातीले हात लावा नही. मंग त्याले पानी बंद."

"बराबर कयं. आळशी मेला!"

मोटार आली. तिघं बोलत बोलत चढली, मीही चढलो.

"विहिरीवर हत्ती राखन. ससा हातमा मधनं गाडगं लई उना. म्हने, चाखानं व्हई तं पहिले तुन्हा पाय बांधी ले."

"आनि हत्तीनी बांधी लिधात?"

"बांधी लिधात, अक्का."

"इतलं मोठं जनावर, आनि अक्कल नही!"

"तिकीट! कुठं जायचं?"

"धुळे."

"ही जळगावला चालली, बाई. धुळ्याची मागं उभी होती."

कंडक्टरनं घंटी वाजवली. मोटार थांबली.

"अक्का, ऊठ. पोरगीवाला वाट देखतीन."

"देखू दे. पहिले हत्तीले सोड."