जोडीचं पान

(बुकबाइंडरचं दुकान. शुक्रवारची दुपार. टेबलावर चर्चची बाप्तिस्म्याची वही. तिच्या शेजारी, धुतलेल्या पांढऱ्या कापडावर, कातड्याच्या सात पट्ट्या.)

बाइंडरबाई : नाही, आधी या पट्ट्या बघा. वही नंतर.

फादर : मावशी, परवा रविवारी सहा बाळांचा बाप्तिस्मा आहे. नावं या वहीतच लिहायची असतात.

बाइंडरबाई : मिळेल हो वही. बसा. ऊन उतरलं की मी दुकान बंद करणार, पुढे शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस. तेवढा वेळ आहे आपल्याकडे. वहीची पाठ उसवली तेव्हा आतून हे निघालं. पाठ मजबूत व्हावी म्हणून बांधणारा आत कातडं चिकटवतो.

फादर : यावर काहीतरी लिहिलंय. हिब्रू आहे.

बाइंडरबाई : सेमिनरीत दोन वर्षं शिकलात म्हणे. मग उलटी का धरलीत?

फादर : माफ करा. ही... तोरा आहे? तुमचा यहुद्यांचा धर्मग्रंथ?

बाइंडरबाई : आमच्या गल्लीतल्या सिनेगॉगची. चोपन्न वर्षं झाली. गुड फ्रायडेच्या दिवशी तुमच्या जुन्या फादरांनी प्रवचन केलं, यहुद्यांनीच देवाला मारलं म्हणून. ऐकून बाहेर पडलेले लोक घरी गेलेच नाहीत, थेट आमच्याकडे आले. मी सहा वर्षांची होते. आम्ही सगळी बायकापोरं सिनेगॉगच्या फाटकाबाहेर उभी. आत काय फुटतंय ते आवाजावरून ओळखत होतो.

फादर : ऐकलं होतं मी. एवढं नव्हतं ऐकलं.

बाइंडरबाई : कसं ऐकाल? सांगणारे तुमचेच.

फादर : पण ते कातडं या वहीत कसं आलं?

बाइंडरबाई : त्याच उन्हाळ्यात चर्चने नवी वही बांधायला पाठवली. पहिल्या काही पानांवर नावं आधीच लिहिलेली होती. सोबत लुटीतलं हे कातडं पाठवलं. चांगलं जाड आहे म्हणे, वाया कशाला घालवायचं. आणि बांधणारा इथे एकच होता.

फादर : कोण?

बाइंडरबाई : जुने टाके मी राखून ठेवलेत, बघा. गाठ डावीकडे. डावखुरा होता. माझा बाप.

फादर : त्यांनी नाही म्हणायला हवं होतं.

बाइंडरबाई : काय म्हणालात?

फादर : चुकलो मी, मावशी.

बाइंडरबाई : घरात तीन पोरं, गल्लीच्या भिंतींवर अजून काजळी, आणि दारात तुमची माणसं कातडं घेऊन उभी. म्हणा नाही. मरेपर्यंत बाबा यातलं एक अक्षर बोलले नाहीत. मी समजत होते, स्वभावच घुमा आहे. ही पट्टी बघा. पट्टी सरळ कापतात ना? मग ही मध्येच का वळली?

फादर : इथे देवाचं नाव आहे.

बाइंडरबाई : हं. नावावर पातं जाऊ नये म्हणून वळवलीय. सातही पट्ट्यांत तसंच. समोर तुमचा माणूस बसलेला असणार, आणि बाबा मान खाली घालून नाव चुकवताहेत. हे पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

फादर : चर्चने ती शिकवण कधीच सोडली, मावशी. चूक होती असं लेखी सांगितलंय. आम्ही आता तसं शिकवत नाही.

बाइंडरबाई : सोडली ते कळवलं कुणाला? मला तर पत्र आलं नाही.

फादर : म्हणून तर पुढच्या महिन्यात मैत्री मेळावा ठेवलाय. तुम्ही व्यासपीठावर—

बाइंडरबाई : फूल द्याल, फोटो काढाल, आणि मी हसून म्हणायचं, झालं गेलं विसरा. मला मेळावा नको. मला सूड हवाय. दोन दिवस ही वही कटिंग मशीनच्या पात्याखाली ठेवून बसले होते. तुमच्या चोपन्न वर्षांच्या नावांच्या बोटभर पट्ट्या.

फादर : मग का नाही केलंत?

बाइंडरबाई : बापाने हात धरला. मेलेला बाप, पण धरला. म्हणून दुसरं केलं. वही उघडा. पहिलं पान. जपून, पाठीची खळ ओली आहे.

फादर : हे छापील आहे. हे... जुन्या फादरांचं ते प्रवचन.

बाइंडरबाई : तुमच्याच चर्चच्या पत्रिकेतलं. आईने कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. पहिलं पान कोरं होतं, ते काढलं आणि हे शिवलं. यापुढे वही उघडली की आधी हे दिसणार, मग बाळाचं नाव.

फादर : मी हे फाडू शकतो.

बाइंडरबाई : फाडा की. पण घडीतल्या पानाला जोडीचं पान असतं. दोन्ही मिळून एकच कागद, मध्ये दुमडून शिवलेला; हे छापील पानही मी जोडीच्या पानाला चिकटवून तसंच शिवलंय. एक ओढलं की दुसरं सुटून हातात येतं. या पानाची जोडी म्हणजे आठवं पान. मोजा.

फादर : त्याच वर्षीचं. ईस्टरचा रविवार. ही... ही माझी आई.

बाइंडरबाई : आमच्याकडची राख निवली नव्हती, तेव्हा तुमच्या आईच्या डोक्यावर पाणी घालत होते.

फादर : ती चार महिन्यांची होती.

बाइंडरबाई : मी सहा वर्षांची.

फादर : आई माझी शाळेची पुस्तकं तुमच्याकडेच बांधून घ्यायची. तुम्ही ओळखता तिला.

बाइंडरबाई : ओळखते. म्हणून तर हे तिच्या पानाच्या जोडीला बसवलं. दुसऱ्या कुणाची आई असती तर तुम्ही आज संध्याकाळीच फाडलं असतं.

फादर : नाही फाडणार. आईचं पान होतं म्हणून नाही. रविवारी सहा घरची माणसं असतील. वही उघडताना हे मोठ्याने वाचेन. मग सांगेन, हे खोटं होतं, आणि ते याच वेदीसमोर बोललं गेलं. पट्ट्यांचंही सांगेन.

बाइंडरबाई : लोक उठून जातील.

फादर : काही जातील.

बाइंडरबाई : तुमची बदली होईल.

फादर : होऊ शकते. एवढ्यावर तुमचा सूड पुरा होईल?

बाइंडरबाई : नाही. पण तुम्ही वाचाच.

फादर : आणि या पट्ट्या?

बाइंडरबाई : आमच्यात निकामी झालेली तोरा माणसासारखी पुरतात. सोमवारी सकाळी, बाबांच्या शेजारी.

फादर : मी येऊ?

बाइंडरबाई : आत नाही.

फादर : मग?

बाइंडरबाई : फाटकाबाहेर उभे राहा.

फादर : किती वेळ?

बाइंडरबाई : आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.