साइतो-सानचा वरचा मजला

(जपानमधलं त्सुकुबा. घरमालकीण साइतो-सान यांच्या दुमजली घरासमोर उभी केलेली गाडी. आत सुहासिनी आणि तिचा नवरा चंद्रशेखर. ओकादा-सानशी होणारं बोलणं जपानीत आहे.)

सुहासिनी : काच खाली करू नकोस, शेखर. घरात डोकावतोयस असं वाटेल त्यांना.

चंद्रशेखर : अगं, जीव गुदमरतोय माझा. ओकादा-सान आत जाऊन जेवायला बसल्या की काय?

सुहासिनी : चहा पीत असतील. आपल्यासाठी तिसऱ्यांदा आल्यात या घरी. तुझ्यासारखं पाच मिनिटांत उरकत नाहीत त्या.

चंद्रशेखर : पण मला एक कळत नाही. त्या मानवी हक्क समितीवर आहेत ना? मग सरळ ऑर्डर काढायची. 'परदेशी माणसांना घर देणार नाही' असं म्हणता येत नाही, फिनिश!

सुहासिनी : ऑर्डर काढायचा अधिकारच नाही त्यांना. किती वेळा सांगू? पगारसुद्धा नाही. शाळेतून रिटायर झालेल्या बाई आहेत. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, दोन्हीकडे जाऊन बोलायचं, शाळांमधून मुलांना शिकवायचं, एवढंच काम. चैत्रालीच्या वर्गात त्याच आल्या होत्या, फुलांचे कंद घेऊन.

चंद्रशेखर : हां, ते कुंड्यांचं प्रकरण.

सुहासिनी : प्रकरण काय! चार मुलांत मिळून एक कुंडी. पाणी कुणी घालायचं यावरून आपली पोरगी वर्गात पहिल्यांदा भांडली. तोवर वर्षभर तोंडातून शब्द नव्हता. तेव्हा आलेल्या पत्रकावरच समितीचा फोन नंबर होता, म्हणून आज इथे बसलोय.

चंद्रशेखर : बसलोय खरे. निघालं काय त्यातून?

सुहासिनी : निघायलाच हवं. मार्चअखेर इन्स्टिट्यूटचं क्वार्टर सोडायचंय आणि या शाळेच्या हद्दीत दुसरं घर नाही. साइतो-सान आज नाही म्हणाल्या तर मी आणि चैत्राली पुण्याला. नव्या शाळेत तिला पुन्हा मुकी झालेली मला बघवणार नाही. आईला खोली रिकामी ठेवायला सांगितलंय मी.

चंद्रशेखर : सांगितलंस पण? मला न विचारता?

सुहासिनी : तुला काय विचारायचं! मागच्या वेळी साइतो-सानसमोर केवढी फाइल उघडलीस! पीएच.डी., पेपर्स, वर दहावीची मार्कलिस्ट!

चंद्रशेखर : बोर्डात आलो होतो. इम्प्रेशन पडतं.

सुहासिनी : हो, पडलं की. त्यांनी फाइल मिटून परत दिली. ए, दार उघडलं बघ. आल्या.

ओकादा-सान : बाहेर थंडीत बसवलं तुम्हाला. माफ करा.

सुहासिनी : तुम्हीच माफ करा, किती खेपा घालताय आमच्यासाठी. काय म्हणाल्या?

ओकादा-सान : अजून 'हो' नाही. पण आज पहिल्यांदा कारण सांगितलं. पहिल्या भेटीतच मी त्यांना म्हटलं होतं, परदेशी म्हणून घर नाकारणं हा भेदभाव आहे. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे. मग आम्ही नुसता चहा प्यायलो. दुसऱ्या भेटीतही चहाच.

चंद्रशेखर : आणि आज?

ओकादा-सान : मोठ्या भूकंपाच्या वेळी वर एक परदेशी तरुण राहायचा. वीज नव्हती, पाणी नव्हतं. पहिले दोन दिवस तो खाली यांच्याच स्वयंपाकघरात जेवला. त्यानंतर एका सकाळी यांनी भाताचे गोळे वळले आणि जिना चढून वर नेले. दार वाजवत राहिल्या. तो मायदेशी निघून गेला होता. न सांगता.

सुहासिनी : अरेरे! आणि या एकट्या?

ओकादा-सान : एकट्या. त्यात धक्के चालूच. भाडं बुडालं त्याचं त्यांना काही नाही. दार वाजवत उभ्या राहिल्या, ते विसरता येत नाही. मी म्हटलं, तुमचं दुःख खरं आहे. पण ते एका माणसाने दिलं आणि शिक्षा तुम्ही सगळ्यांना देताय. त्यावर त्यांनी माझा कप पुन्हा भरला.

चंद्रशेखर : एक मिनिट. मागच्या वेळी मी त्यांना एक वाक्य म्हटलं होतं. पाठ करून.

ओकादा-सान : हो. तेही सांगितलं त्यांनी. शब्द न् शब्द.

सुहासिनी : कुठलं वाक्य? मी तेव्हा बाहेर चपला घालत होते.

चंद्रशेखर : "काळजी नसावी. पुन्हा तसा भूकंप झाला तर इन्स्टिट्यूट आम्हाला त्याच दिवशी विमानात बसवेल. तुम्हाला आमचा काहीच त्रास होणार नाही."

सुहासिनी : शेखर!

चंद्रशेखर : अगं, मला वाटलं, आमची जबाबदारी नको म्हणून घाबरतायत. म्हटलं, धीर द्यावा.

सुहासिनी : चांगला धीर दिलास!

ओकादा-सान : त्यांनी एकच प्रश्न विचारलाय, आणि उत्तर माझं नको, तुमचं हवंय. पुन्हा जमीन हलली तर तुम्ही काय कराल?

चंद्रशेखर : आम्ही जाणार नाही! सांगा त्यांना. कुठेच जाणार नाही.

सुहासिनी : थांब. तसं नका सांगू, ओकादा-सान. लहान मुलगी आहे आमची. तिकडे आई रडून रडून फोन करेल. कदाचित जावं लागेल. पण न सांगता नाही जाणार. आमच्याकडे शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय कुणी गावाला जात नाही. दारात उभं राहून, झाडांना पाणी घाला म्हणून, मगच निघायचं. आणि आधी त्यांना हाताला धरून शाळेच्या मैदानावर नेईन. जेवल्या का बघेन. त्याआधी माझा पाय निघणार नाही.

ओकादा-सान : जसंच्या तसं सांगते.

(ओकादा-सान आत जातात.)

चंद्रशेखर : 'नाही जाणार' एवढं म्हणायला काय झालं होतं तुला?

सुहासिनी : खोटं बोलून घर घ्यायचं? आणि उद्या खरंच हललं म्हणजे? त्या बाईने दुसऱ्यांदा दार वाजवत उभं राहायचं?

चंद्रशेखर : घालवलंस घर.

सुहासिनी : घालवलं तर घालवलं.

चंद्रशेखर : ...रडू नकोस ना, सुहास. बरोबर बोललीस तू. मला सुचलं नसतं.

सुहासिनी : तू मार्कलिस्ट दाखवली असतीस पुन्हा.

चंद्रशेखर : बघ, आल्या. या वेळी पाच मिनिटंसुद्धा नाही लागली. हसतायत का गं त्या?

ओकादा-सान : एप्रिलपासून घर तुमचं. एजंटला त्या आजच फोन करतायत.

सुहासिनी : खरंच? ओकादा-सान, खरंच? बाई गं! शेखर, ऐकलंस?

चंद्रशेखर : ऐकलं. आईंना फोन लाव आधी. म्हणावं, त्या खोलीत काय हवं ते भरा!

सुहासिनी : चैत्रालीला पहिलं सांगायचं. कशी उड्या मारेल! ओकादा-सान, तुमचे आभार कसे मानू?

ओकादा-सान : मी चहा प्यायले फक्त. आणि हे घ्या. त्यांनी दिलंय.

सुहासिनी : किल्ली? एवढ्यात? वरच्या मजल्याची?

ओकादा-सान : वरची तुम्हाला एजंट देईल. ही त्यांच्या स्वतःच्या दाराची. म्हणाल्या, आता माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. जमीन हलली तर तुम्हीच खाली या.