हंगामाआधीची चाचणी

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर माझ्या शेजारी एक आई बसली होती. आतून तिची मुलगी आली, अंगावर देशाच्या रग्बी संघाचा ट्रॅकसूट.

“काय म्हणाले?”

“खेळायला हरकत नाही म्हणाले.”

“जीव भांड्यात पडला बाई. ती टक्कर टीव्हीवर पाहिल्यापासून घास उतरत नव्हता. मग तुझं तोंड का उतरलंय?”

“डोक्याला मार लागला की आमची चाचणी घेतात, आई. शब्द ऐकवतात, ते आठवून सांगायचे. आकडे उलटे म्हणायचे. मग हंगामाआधीच्या चाचणीशी मार्क ताडून बघतात. कमी पडले की घरी बसवतात.”

“तुझे कमी पडले नाहीत ना?”

“हंगामाआधी मी मुद्दाम चुकले होते. आम्ही सगळ्याच चुकतो. पुढे मार लागला तर फरक दिसायला नको म्हणून.”

“शहाणी आहेस की खुळी? आणि आज?”

“आज भीती वाटली. म्हणून अगदी मनापासून दिली. एकेक शब्द घट्ट धरून ठेवत होते.”

“मग?”

“मार्क तेवढेच पडले. डॉक्टर म्हणाले, अगदी पहिल्यासारखी आहेस.”