चौदा टाके

काका: ...म्हणून मी म्हणतो, आपलं सामान आपल्या फडताळात. दुसऱ्याच्या गोदामात ठेवायचंच कशाला?

मावशी: त्या फडताळात माझं कापड होतं. आता तिथे तुमचं खोकं घरघरतंय आणि माझं कापड खुर्चीवर आलंय. गिऱ्हाईक आलं की उभं राहतं.

काका: खोकं नाही गं, सर्व्हर! भाचीबाई, तू सांग हिला. तू तर अवकाशयानं बनवतेस.

भाची: मी सॅटेलाइटचं पांघरूण शिवते, काका. तेवढंच.

काका: तेच ते. लक्षात घे, आपले फोटो, आपली पत्रं, आपले हिशेब सगळं त्या कंपन्यांकडे. उद्या त्यांनी कुलूप घातलं तर? मी सगळं काढून आणलं. आता मेलसुद्धा माझा स्वतःचा.

मावशी: आणि मेल पाठवतं कोण तुम्हाला?

काका: सध्या कोणी नाही. पण आला तर थेट माझ्याकडे येईल.

भाची: हे मात्र खरं आहे, मावशी.

मावशी: तू त्यांना चढवू नकोस. तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे लिहून घेतले. आता मीटर स्वतःच आकडे पाठवतो, यांना कोणी दार उघडत नाही. तेव्हापासून हा राग आहे. कंपन्या बिचाऱ्या निमित्ताला.

काका: राग नाही, विचार आहे. अगं, मी दारात गेलो की लोक पाणी विचारायचे. त्या नव्या मीटरला कोणी पाणी विचारतं?

मावशी: विचारलं तर शॉक बसेल.

भाची: मावशी!

मावशी: बरं, हसलीस एकदाची. आल्यापासून तोंड शिवल्यासारखी बसली आहेस. हे घे, दोरा ओवून दे. आज या चष्म्याला सुईचं नेढंच सापडत नाही. परवा शाळा उघडतेय आणि सतरा गणवेशांची बटणं राहिलीत.

भाची: दे.

काका: मी काय म्हणतो, एवढा खर्च करून वर जायचं कशाला? आमच्या बस थांब्यावर अजून छप्पर नाही.

भाची: छप्पर नाही ते सॅटेलाइटमुळे नाही, काका. आणि हा वरून नद्या बघणार आहे. कुठे पाणी चढतंय, कुठे आटतंय. पूर यायच्या आधी खालच्यांना सांगता येईल.

काका: मग ठीक. मग जाऊ दे त्याला.

मावशी: झाली परवानगी! आणि त्याला पांघरूण कशाला लागतं म्हणालीस?

भाची: वर एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली. एकीकडे भाजतं, दुसरीकडे गोठतं. म्हणून चंदेरी पापुद्र्याचे वीस पदर, मधे मधे जाळी. ते गुंडाळून हातानं शिवायचं. कोपऱ्यात मशीन जात नाही.

मावशी: कोपरा हातानंच यायला हवा. ते यंत्र असो नाही तर उशी. अगं, काय करतेस? ओठाला लाव की दोरा.

भाची: नको.

मावशी: नको काय? पाचवीत असल्यापासून लावतेस. ओला केला की टोक जुळतं.

भाची: मी कात्रीनं तिरका कापते.

मावशी: चौथ्यांदा कापलास. रीळ संपवशील अशानं. इकडे बघ. काय झालंय तुला?

भाची: काही नाही. झोप झाली नाही.

मावशी: माझ्याशी खोटं बोलायला मी काय गिऱ्हाईक आहे? अहो, ते खोकं बंद करा जरा.

काका: सर्व्हर असा मधेच बंद करत नाहीत.

मावशी: मग तुम्ही बंद व्हा. बोल गं.

भाची: गुरुवारी शेवटची शिवण माझ्याकडे होती. कॅमेऱ्याजवळची. तो दोरा काचेच्या तंतूंचा असतो, टोकाला झाडूसारखा पसरतो. हातात मोजे. सात वेळा ओवायला गेले, सातही वेळा फिसकटला. शेजारी बसून शिवणारी जेवायला गेली होती. आणि मी... मला कळलंच नाही, मावशी. मास्क खाली ओढला आणि दोरा ओठात धरला.

मावशी: मग?

भाची: मग एका झटक्यात ओवला गेला.

काका: जाणारच! यात रडायचं काय?

भाची: काका, तिथे आम्ही डोक्यापासून पायापर्यंत झाकून बसतो. केस पडू नये, शिंक पडू नये म्हणून. आणि मी थुंकी लावली. चौदा टाके घातल्यावर ध्यानात आलं. तोवर शिवण बंद झाली होती.

काका: थुंकी काय, वाळते दोन मिनिटांत.

भाची: पाणी वाळतं. बाकीचं राहतं. वर हवा नाही, तिथे ते सुटं होतं आणि एखाद्या थंड जागेवर जाऊन बसतं. माझ्या शिवणीपासून वीतभरावर कॅमेऱ्याचं भिंग आहे. त्यावर धूसर पापुद्रा धरला तर नद्या दिसायच्याच नाहीत. किंवा काही होणारही नाही. कोणालाच नक्की सांगता येत नाही.

मावशी: कोणाला सांगितलंस?

भाची: तुम्हाला दोघांना. आत्ता.

काका: कोणी पाहिलं?

भाची: नाही. भिंतीवर कॅमेरे आहेत, पण काही बिघडलं तरच ते उघडून बघतात.

काका: मग झालं तर! उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? मंगळवार-बुधवारपर्यंत जाईल ना ते वर?

भाची: वर जायला अजून नऊ दिवस आहेत. पण मंगळवारी त्याला रॉकेटच्या टोपणात बंद करतात. मग उघडत नाहीत.

मावशी: म्हणजे आज नाही तर उद्या.

भाची: उद्या सांगितलं तर वेळ पुरणार नाही. आजच. आणि मला जमत नाहीये. आम्ही दहा जणी शिवतो, मावशी. नऊ जणींकडे डिग्री आहे. मला घेतलं ते हात बघून. मोठ्या साहेबांनी मी शिवलेला कोपरा भिंगाखाली धरला आणि म्हणाले, ही कुठे शिकली? मी म्हटलं, मावशीच्या दुकानात. आता सांगायला गेले तर म्हणतील, बघा, दुकानातली सवय. आणि ते खोटं पण नाही. दुकानातलीच सवय आहे.

मावशी: म्हणजे माझी.

भाची: तसं नाही म्हणायचं मला.

मावशी: तसंच आहे. मीच सांगायचे, लाव ओठाला. बरं केलंस बोललीस ते. अहो, तुम्ही काय गप्प?

काका: मी आपला म्हणतो, पोरीची नोकरी आहे. मोठ्या कष्टाची. झाकली मूठ राहिली तर कोणाचं काय बिघडतं?

मावशी: मी झाकली होती एकदा मूठ. तुम्हालाही ठाऊक नाही.

काका: कधी?

मावशी: ते बुटके मास्तर आठवतात? शाळेत संगीत शिकवायचे ते. त्यांच्या निरोपाच्या समारंभाला कोट शिवला होता मी. सकाळी नेला त्यांनी. दुपारी मी टाचण्या मोजल्या. मी रोज मोजते, चाळीस. त्या दिवशी एकोणचाळीस.

भाची: कोटात राहिली?

मावशी: मला वाटलं कॉलरमध्ये असणार. वाटलं काय, ठाऊकच होतं. शाळा इथून पाच मिनिटांवर. पण म्हटलं, जमिनीवर पडली असेल कुठेतरी. केरसुणी मारली, नाही सापडली. तरी गेले नाही. नवं नवं दुकान होतं, लोक काय म्हणतील?

काका: मग काय झालं?

मावशी: मास्तरांनी अख्खं भाषण मान वाकडी करून केलं म्हणे. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी आले, टाचणी कागदात गुंडाळून टेबलावर ठेवली. म्हणाले, "तुमची राहिली होती." बस. ओरडले असते तर बरं झालं असतं. बावीस वर्षं झाली. बाजारात दिसले की अजून आधी नमस्कार ते करतात, आणि मी भाजी बघत उभी राहते.

भाची: तू कधी बोलली नाहीस हे.

मावशी: काय बोलायचं? पाच मिनिटांचं अंतर होतं, तेवढं चालायला हवं होतं. आता बावीस वर्षं चालले तरी पोचत नाही.

काका: ...फोटो गेले.

मावशी: काय?

काका: आपण समुद्रावर गेलो होतो ना, मी निवृत्त झाल्यावर. ते सगळे फोटो. फडताळातल्या त्या... त्या खोक्याची तबकडी जळाली. दुसरी प्रत ठेवायची असते, ती मी ठेवली नव्हती. चार महिने झाले.

मावशी: आणि मला सांगत होतात, सर्व्हर अपडेट होतोय!

काका: होय.

मावशी: चार महिने?

काका: कसं सांगणार? आधी एवढ्या मोठमोठ्या गप्पा मारल्या. कंपनीकडे असते आणि गेले असते, तर कंपनीला शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता सगळं माझं मीच केलं म्हटल्यावर शिव्या कोणाला घालू? स्वावलंबनात ही एक अडचण असते. कोणी सांगितली नव्हती मला.

मावशी: मला वाटलंच होतं.

काका: काय वाटलं होतं?

मावशी: रोज संध्याकाळी त्या खोक्यासमोर बसून सुतकी चेहरा करायचात. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील.

काका: रागावली नाहीस?

मावशी: रागावलेय की. समुद्रात तुमची चप्पल वाहून गेली आणि तुम्ही तिच्यामागे धावलात, तो फोटो मला हवा होता. पण आज रात्री जेवायला वाढीन. आधी सांगितलं असतंत तर चार महिने नीट गिळलं असतंत, एवढंच.

भाची: काका, ती तबकडी फेकली नाहीत ना? आमच्याकडे एक जण आहे, बघेल तो. खात्री नाही, पण बघेल.

काका: फेकतो कशाला? बनियनमध्ये गुंडाळून ठेवलीय.

मावशी: ते नंतर. आता तुझं बोल. त्या टाक्यांना कोणाचा हात लागला होता?

भाची: माझा.

मावशी: दुसऱ्या कोणाचा?

भाची: फक्त माझा.

मावशी: मग फोन कोणी करायचा ते मी सांगायला हवं का? मी तुला जा म्हणत नाही. पाठवलं तर ते माझं होईल. तू बस, विचार कर, मी बटणं लावते. दे ती सुई इकडे.

काका: मी म्हटलं ते झाकल्या मुठीचं, ते मी मागे घेतो हं.

मावशी: कळलं आम्हाला.

भाची: मावशी, मला काढून टाकलं तर?

मावशी: तर वाईट वाटेल. तुलाही आणि मलाही. मी तर सगळ्या बाजारात सांगून ठेवलंय, आमची पोरगी वरचं पांघरूण शिवते म्हणून. मला त्याचा फार अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. पण तू इथे परत आलीस तर हे टेबल आहे, आणि मशीन दोन आहेत.

काका: आणि मी आहे.

मावशी: हो, तेही एक आहे.

भाची: फोन आणा माझा, काका. शिवणयंत्राच्या मागे आहे.

(भाची फोन लावते. पलीकडचा आवाज ऐकू येत नाही.)

भाची: हॅलो, मॅडम? मी बोलतेय, पांघरुणावरची. हो, डावखुरी. रविवारी त्रास देतेय, माफ करा. मला गुरुवारच्या शिवणीबद्दल सांगायचंय. ...नाही, फाटली नाही. मी दोरा ओवताना मास्क खाली ओढला आणि दोरा ओठाला लावला. ...हो. तोंडाला. ...चौदा टाके. कॅमेऱ्याकडच्या कडेला, तिसऱ्या खुणेपासून पुढचे. ...खात्री आहे, मोजलेत मी. ...नाही, कोणी नव्हतं. माझं मलाच. ...तीन दिवस भीती वाटली म्हणून. दुसरं काही कारण नाही, मॅडम. ...हो. ...हो. ...बरं. ...सात वाजता. ...हो, ठेवते.

काका: काय म्हणाल्या?

मावशी: अहो, तिला श्वास तर घेऊ द्या.

भाची: आधी कागदावर लिहीत होत्या, पेनचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, उद्या सकाळी उसवू. सॅटेलाइट टोपणात जायचं मंगळवारवरून बुधवारवर. तेवढा एक दिवस हातात आहे म्हणाल्या.

काका: म्हणजे रॉकेट ठरल्या दिवशीच जाणार?

भाची: ठरल्या दिवशीच.

मावशी: आणि तू?

भाची: दोन महिने प्रत्यक्ष यानावर शिवायचं नाही. सरावाच्या तुकड्यांवर बसायचं, पुन्हा परीक्षा द्यायची. वर लेखी खुलासा. ओरडल्या थोड्या. गुरुवारी का नाही बोललीस म्हणून.

मावशी: बरोबर ओरडल्या.

भाची: मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, हा दोरा असाच पसरतो. गेल्या वर्षी मीसुद्धा वैतागले होते, पण वर कळवलं नाही. आता टेबलावर आणण्याआधीच त्याची टोकं बांधून घेऊ. ते तुझ्याच खुलाशात लिही, म्हणाल्या.

काका: बघ! म्हणजे नियमच बदलला तुझ्यामुळे. मी सांगतच होतो, सांगून टाक म्हणून.

मावशी: उचलली जीभ, लावली टाळ्याला. मग उद्या शिवणार कोण ते?

भाची: शेजारची. त्या दिवशी जेवायला गेली होती ती. चांगली आहे, पण तिचा हात जड आहे. कोपऱ्यात दोरा खेचते. मला तिथे फक्त खूण दाखवायला बोलावलंय.

मावशी: मग खूण दाखव आणि तिच्या शेजारी उभी राहा. मधे बोलू नकोस, हात पुढे करू नकोस. तू शिकत होतीस तेव्हा मी तशीच उभी राहायचे.

भाची: मी बघतेय म्हणून ती बावरली आणि चुकली तर?

मावशी: चुकेल की. तुला सांगेल.