गेंड्याची भिंतीकडची बाजू

हॅलो?… हो ताई, चौकातच आहे मी… जरा मोठ्याने बोल, लिलावाचा गोंगाट आहे इथे… नाही, तू रंगवलेल्या गेंड्याच्या पुतळ्याचा नंबर अजून आला नाही. पण ऐक ना, एक घोळ झालाय… अगं, आधी ऐक तर! लिलाववाल्यांनी तो भिंतीपासून हलवला. मधोमध आणून ठेवलाय, चारी बाजूंनी लोक… हो. भिंतीकडची न रंगवलेली बाजूही दिसतेय… पांढरीफटक.

ताई, रडू नकोस गं. इतकी वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतेस तू, पाटीची मागची बाजू कोण रंगवतं? महिनाभर तो वाचनालयाच्या भिंतीला चिकटून उभा होता, कुणाला पत्ता तरी लागला का?

हसतायत? नाही, कुणी हसत नाहीये… बरं बाई, एकदोघं हसले. पण पुढच्या बाजूची गर्दी हटत नाहीये, त्याचं काय? कातडीच्या घडीघडीतून तू ते गवत काढलंयस ना, वाऱ्याने झुकलेलं… एक आजोबा त्यावरून हात फिरवत बसलेत, रखवालदार ओरडला तरी. आणि कानामागे तो इवलासा पक्षी! सख्खी बहीण असून मला आज दिसला तो.

हो, हो… सांगते ना. लिलाव भरवणाऱ्या, गेंडे वाचवणाऱ्या संस्थेच्या बाई आल्या होत्या. म्हणे, 'पांढरी बाजू मुद्दाम ठेवलीय असं सांगू. गेंडे नाहीसे होतायत, असा अर्थ. बोली वाढेल, त्यांचं कुरण राखायला तेवढाच हातभार'… अगं, माझ्यावर काय ओरडतेस? मी कुठे हो म्हटलं! तुला ते चालणार नाही, हे कळत नाही का मला? म्हणून मीच माईक घेतला… हो, मी! सांगून टाकलं, 'माझी बहीण पाट्या रंगवते, सवयीने तेवढी बाजू राहून गेली'… हो, सगळ्यांसमोर… शिव्या नंतर घाल गं, पुढचं ऐक!

मागून एक बाई उठल्या, जनावरांच्या डॉक्टर आहेत. म्हणाल्या, 'मी बोली लावते, पण राहिलेली बाजू तिने इथेच, आमच्यासमोर रंगवायची.' लगेच दुसरीकडून आवाज, 'मीही लावतो, हीच अट!' आता तुझा गेंडा शेवटी ठेवलाय. तू आलीस तर बोली, नाहीतर तो लिलावातून बाद. सगळे माझ्याच तोंडाकडे बघतायत…

घरच्या कपड्यांत?… मग ये तशीच, कपड्यांना कोण बघतंय!… लोकांसमोर जमेल का? जमेल गं… मी आहे ना शेजारी…

काय?… ऊन कुठे पडलंय? हे काय मध्येच विचारतेस?… पांढऱ्या बाजूवर पडलंय, सरळ समोरून… का गं?… आणि तो खडखडाट कसला? ताई, रंगाचे डबे भरतेयस का तू?… हॅलो?… हॅलो?

फोन ठेवला!… अहो बाई! गेंडा पुकारा, पुकारा! येतेय ती!