यमुनाबाय थांबलीच नाही

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी समोर उभा होतो. म्हणजे उभा जेवणाच्या मांडवात होतो, पण कान इकडेच होते.

ओवे गावात एका विनोदी सिनेमाचं शूटिंग चाललेलं. प्रसंग आगरी लग्नाचा. नवरी ऐन वेळी नवऱ्याला सोडून मैत्रिणीचा हात धरते आणि म्हणते, "लग्न लागलं तर हिच्याशीच!" आमच्यात धवले गाऊन लग्न लावते ती धवलारीण, म्हणून खरीच धवलारीण आणली, यमुनाबाय. तिने धवला सुरू केला, नवरीने मैत्रिणीचा हात धरला, तरी यमुनाबाय आपली गातेच आहे!

डायरेक्टर ओरडला, "अगं बाय, थांब! लग्न मोडलंय!"

"धवला अर्धा सोरत नाय मी. समोर दोघी उभ्या हायेत ना? मंग झालं तर."

नवरदेव बिचारा म्हणाला, "आणि मी?"

"तू रिकामाच हायेस, अंतरपाट धर!"

त्याने धरला. धवला पुरा झाला, अक्षता पडल्या, लग्न लागलं.

आता खरं सांगतो. शूटिंग तेवढं माझ्या पदरचं. नवरी माझी सख्खी भाची, आणि तो डायरेक्टर म्हणजे तिचा बाप, आमचे भावोजी. बरेच दिवस लेकीचं नाव निघालं की उठून जायचे. गेल्या रविवारी मात्र मासळीबाजारातला सगळ्यात मोठा जिताडा घेऊन उलव्याला गेले, लेकीच्या सासरी.