निळी बॅटरी

उद्या नोकरीची मुलाखत, आणि आज पुढचा दात तुटलेला. माया उंब्रजच्या दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होती. शेजारी नाथाजी आणि त्यांची बायको बनुबाई.

"आवं, दातातलं सिमेंट परत पडलंच कसं? ऊस खाल्लासा व्हय?"

"न्हाई गं. पेजच पितोय."

"मग निळी बॅटरी मारली न्हवती? त्या उजेडानं ते घट्ट हुतं म्हणं."

"मारली की. डॉक्टर म्हणला, डोळं मिटा."

"मिटलंसा?"

"एकच मिटला. डॉक्टर मोबाइल बघत हुता, अन् बॅटरी माझ्या जिभेवर."

"मग त्याला सांगायचं न्हाई व्हय?"

"तोंड उघडं हुतं की."

"तरीच. दातापरीस जीभच घट्ट झालीया तुमची."

मायाचा नंबर आला. दातात सिमेंट भरून डॉक्टरांनी निळी बॅटरी उचलली.

"डोळे मिटा."

मायाने एकच मिटला.